लाल रिबिनीची काठी

फहमिदाने दगड उचलला आणि काठीच्या डोक्यावर तिसऱ्यांदा हाणला. काठी बोटभर आत गेली आणि थांबली. चैत्र लागायला अजून दहा दिवस होते, पण रान आत्ताच भाजल्या विटेसारखं कडक झालं होतं. डोक्यावर टिटव्यांचं जोडपं घिरट्या घालत नुसतं कोकलत होतं.

"पुरे आता," मागून नवाबचाचा म्हणाले. "घरट्यापाशी पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाय. ठरलंय ना आपलं?"

"झालंच, चाचा. एक ठोका."

घरटं म्हणावं असं तिथे काही नव्हतंच. उघड्या जमिनीत तळहाताएवढा खळगा, कडेने बारीक खडे, आणि आत काळ्या ठिपक्यांची चार मातकट अंडी, टोकं आत करून ठेवलेली. नजर जरा हलली की अंडी खड्यांत हरवून जायची. ती फहमिदाला सापडली होती, चाचांना नाही. ही गोष्ट तिने सकाळपासून तीनदा बोलून दाखवली होती.

नवाबचाचा तिच्या अब्बांचे धाकटे भाऊ. शहागंजात त्यांचा छोटा फोटो स्टुडिओ होता. आठवड्याचे सहा दिवस ते लोकांना "हलू नका" म्हणत पासपोर्टचे फोटो काढायचे आणि रविवारी, जे कुणाचंच ऐकत नाहीत त्या पाखरांचे. पहिल्या बसने पैठण रोडला चितेगाव, तिथून कारखान्यांच्या मागचा कोरडा ओढा ओलांडला की द्वारकाबाईंचं रान. फहमिदा त्यांच्याबरोबर गेल्या दिवाळीपासून येत होती. तोवर वर्गात हजेरीला तिचं "हजर" पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे. यंदा नववीत तिने प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर पाखरांवर सात मिनिटं भाषण केलं होतं, आणि घंटा झाली नसती तर आणखी सात केलं असतं.

बांधावर द्वारकाबाई विळा घेऊन उभ्या होत्या.

"मंगळवारी सांडू ट्रॅक्टर घेऊन येतोय, देवगाव रंगारीहून. माझा भाचाच हाय," त्यांनी सांगितलं. "मालक नांगरायचे तवा टिटवीपाशी आले की बैल थांबवायचे. नांगर उचलायचा, दोन पावलं पुढं न्यायचा, मग टेकवायचा. तेवढा तुकडा टिटवीचा. आता बैल ऱ्हायले नाय. अन् सांडूला वरून अंडं काय दिसतंय?"

"म्हणून तर काठी, मावशी."

चाचांनी कॅमेऱ्याचा पट्टा मानेवरून सारखा केला. "बेटा, आपण बघणारी माणसं. जिथं जसं हाय तसं राहू द्यावं."

"बघत बसल्यावर ट्रॅक्टर थांबणार हाय का?"

चाचांनी घड्याळाकडे पाहिलं.

"नवाबभाई, पोरगी वकील होणार तुमची," द्वारकाबाई हसल्या. "तुमचं काय बी चालायचं नाय."

फहमिदाने डाव्या वेणीची लाल रिबीन सोडली आणि काठीच्या टोकाला दोन गाठी मारून बांधली. मग काठीवर हात ठेवून, एक वेणी सुटलेली, अशी ती उभी राहिली.

"काढा की माझा एक. स्टुडिओच्या काचेत लावायला."

"हलू नका," चाचा म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

सगळे बांधापलीकडे गेल्यावर टिटवी चालत चालत आली, काठीकडे मान वाकडी करून बराच वेळ पाहत राहिली आणि मग अंड्यांवर बसली. फहमिदाने बोटांवर हिशेब केला. अजून तीन रविवार. तिसऱ्या रविवारी पिल्लं.

मंगळवार कोरडा गेला. बुधवारी तिने मधल्या सुट्टीत फळ्यावर खळगा, अंडी आणि काठी काढून दाखवली. मागच्या बाकावरच्या शकीलाने विचारलं, "टिटवीनं थँक्यू म्हटलं का नाय?" वर्ग हसला, फहमिदाही हसली.

गुरुवारी भूगोलाच्या तासाला आभाळ शेणाच्या पाण्यासारखं झालं आणि एकदम पत्रे वाजू लागले. आधी चार, मग मोजता येईनात एवढ्या गारा. सर काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ तेवढे हलत होते. मुली खिडकीशी धावल्या. गारा वेचायला कुणी वही पुढे केली, कुणी ओढणी. फहमिदाने एक गार हातात घेतली. ती जवळपास अंड्याएवढीच होती. वितळेपर्यंत तिने मूठ मिटून ठेवली. मग हात स्कर्टला पुसला. उरलेला तास तिने एकही अक्षर लिहिलं नाही.

शनिवारी वरच्या अंगाला पुन्हा पाऊस झाला.

रविवारी ती दोघं ओढ्याशी आली तेव्हा ओढा कोरडा नव्हता. तांबडं पाणी काठाला घासत चाललं होतं. त्यात तुराट्या, एक चप्पल, कुणाच्या तरी गोठ्याचा वासा. मार्च महिन्यात या ओढ्याला पाणी आलेलं चाचांनी कधी पाहिलं नव्हतं.

"इथूनच बघू," ते म्हणाले. त्यांनी लांब नळीची लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

पलीकडे रान काळंभोर उलटलं होतं. ढेकळांच्या त्या समुद्रात बैलगाडीएवढा एकच तुकडा तसाच राहिला होता. सांडूने वळसा घातला होता. तुकड्याच्या मधोमध काठी, काठीला रिबीन, आणि काठीच्या पायाशी, पाठीवरची पिसं विस्कटलेली, टिटवी बसलेली होती.

"बसलीये, चाचा. गारांत बी बसून ऱ्हायली ती." चाचांनी तिच्या डोक्यावर हळूच टपली मारली.

पलीकडच्या काठावर द्वारकाबाई दिसल्या, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. त्यांनी एका हाताने भारा धरला आणि दुसऱ्याने काठीकडे बोट दाखवलं. मग हात उंच उंच नेला. फहमिदाने पुन्हा लेन्समधून पाहिलं. काठी तिची नव्हती. तिची कमरेएवढी होती, ही पुरुषभर उंच, सरळ, जाड. गारांनी जुनी पडली असणार आणि द्वारकाबाईंनी नवी रोवली असणार. रिबीन मात्र तिचीच, नीट धुऊन बांधलेली. फहमिदाने दोन्ही हात हलवले. द्वारकाबाईंनीही हलवला आणि त्या समाधानाने घराच्या वाटेला लागल्या.

त्या बाभळींआड गेल्या आणि डोमकावळा आला.

तो लांबून आला, रानावरून एक फेरी मारली आणि उतरायला जागा शोधली. नांगरलेल्या रानात झुडूप नव्हतं, खुंट नव्हता, बांधावरची बाभूळ दूर होती. अख्ख्या रानात बसण्यासारखी एकच जागा होती. तो काठीच्या टोकावर बसला. पंख आवरले. रिबिनीला एकदा चोच मारून पाहिली, आणि मग मान खाली करून बघत राहिला.

फहमिदाने डोळा लेन्सवरून काढला आणि पुन्हा लावला.

टिटव्या ओरडत त्याच्या अंगावर झेपावू लागल्या. तो नुसता डोकं खाली करायचा.

"हाड," ती ओरडली. पाण्याच्या आवाजात ते तिलाच नीट ऐकू आलं नाही. तिने दगड उचलून फेकला, तो ओढ्याच्या मध्यावर पडला. दुसरा तिथपर्यंतही गेला नाही. "मावशी," तिने बाभळींच्या दिशेने हाक मारली, पुन्हा मारली. मग कॅमेरा चाचांच्या हातात कोंबून ती पाण्यात उतरली. तिसऱ्या पावलाला पाणी मांडीला लागलं आणि पायाखालची वाळू सरकली. चाचांनी मागून पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून तिला ओढलं, दोघंही चिखलात बसली.

"पुलावरून जाऊ, चाचा. चितेगावच्या."

"दीड तास लागंल, बेटा."

ते म्हणाले ते खरं होतं. तिने उठून कॅमेरा परत घेतला. लेन्समधून सगळं अगदी जवळ होतं, हात पुढे केला तर काठी हाताला लागावी इतकं जवळ. कावळा खाली उतरला. टिटवीने पंख पसरले, जागच्या जागी उड्या मारल्या, पाय ओढत लंगडण्याचं सोंग केलं. तेवढ्यात दुसरा कावळा काठीवर येऊन बसला. पहिला उडाला तेव्हा त्याची चोच पूर्ण उघडी होती आणि तिच्यात काहीतरी गोल, मातकट होतं.

"नक्को देखू," चाचा हळू म्हणाले.

ती बघत राहिली. दीड तास कुठला, अर्धा तासही लागला नाही. शेवटचं गेल्यावर टिटवी खळग्यात जाऊन बसली, पोटाखाली काही असल्यासारखी अंग हलवून, नीट सावरून. चाचांनी पुढून लेन्सवर टोपण बसवलं तेव्हा कुठे अंधार झाला.

शहागंजात उतरल्यावर चाचा एवढंच म्हणाले, "मी तुला जोरात नाय म्हणायला पायजे होतं."

पुढच्या रविवारी ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. फहमिदाने आठवडाभर वाक्य पाठ केलं होतं: मावशी, ती काठी काढून टाका, माझं चुकलं. शाळेसमोर सात मिनिटं बोललेल्या मुलीला एवढं वाक्य जड जायला नको होतं.

द्वारकाबाई बांधावरच वाट पाहत होत्या. त्यांनी भाकरीवर ठेचा घालून फडक्यात बांधून आणला होता.

"गेली तुझी पिल्लं," त्या म्हणाल्या. "परवा बघितलं तर खळगा मोकळा. टिटवीची पिल्लं काय, अंड्यातून निघाली की चालायलाच लागत्यात. काठीनं राखलं बघ त्यांना."

फहमिदाने चाचांकडे पाहिलं. चाचा लेन्सची काच पुसत होते. पुसून झालेली काच ते पुन्हा पुसू लागले.

"मावशी, ते..."

"आन् हे बघ की." द्वारकाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला बांधाच्या उंचवट्यावर नेलं. "कडूबाच्या रानात दोन घरटी सापडली. मनकर्णाबाईच्या तिकडं तीन. म्या सगळ्यांना सांगितलं, शहरातली पोरगी टिटवीसाठी वेणीची रिबीन सोडती, आपल्याला काय धाड भरलीय? सांडूनं सोताच्या हातानं काठ्या तोडून दिल्या. त्याला आता काठी दिसली की तो ट्रॅक्टर आपणहून वळवतो."

समोर शिवारभर काळी नांगरट पसरली होती. तिच्यात लांब लांब, एकट्या, उंच नव्या काठ्या उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी फडफडत होती. फहमिदाने मोजल्या. पाच.

"काढ की फोटो," द्वारकाबाई म्हणाल्या.

फहमिदाने कॅमेरा मागितला नाही. चपला बांधावर काढून ती ढेकळांतून सगळ्यात जवळच्या काठीकडे चालू लागली. तिच्या टोकावर अजून कावळा बसलेला नव्हता. पायथ्याशी चार अंडी होती, टोकं आत करून ठेवलेली. टिटवी उडाली आणि तिच्या डोक्यावर येऊन, चोरावर ओरडावं तशी ओरडू लागली.

मागून द्वारकाबाईंनी विचारलं, "काय झालं गं?"

फहमिदाने दोन्ही हातांनी काठी धरली आणि ओढली. मग गुडघे टेकून, सगळं अंग लावून ओढली. काठी जागची हलली नाही. ती फार मनापासून रोवलेली होती.