रोजाच्या दुपारचं माप

ओट्यावर दह्याचे चौदा डबे होते. बारा रिकामे, धुऊन पालथे घातलेले, दोन भरलेले. ते दोन आजचे.

भवानी पेठेतल्या या घरी मी तीन महिने येत होते. वजन वाढण्याचा धोका असलेल्या मुलामुलींच्या आहारात रोज दोन डबे दही देऊन कॅल्शियम वाढवलं तर अंगातली चरबी कमी होते का, हे आम्ही तपासत होतो. तेरा वर्षांची इफ्रा त्यांतलीच. पहिल्या दिवशी तिची चरबी ३३.६ टक्के भरली होती.

तिची आई मुमताज यांचा दह्यावर विश्वास नव्हता. आज आकडा वाढलेला निघाला तर दही बंद, आणि इफ्राच्या मावशीने सांगितलेलं सुरू: दुपारी एक भाकरी, रात्री काहीच नाही.

इफ्रा चरबी मोजायच्या मशीनवर अनवाणी उभी राहिली. ३५.१.

"झालं," मुमताजभाभी म्हणाल्या. "दही खाऊन कोण बारीक होतं, मॅडम? लोणी कशाचं निघतं मग?"

इफ्रा मशीनवरून उतरलीच नाही. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"आजचं दही का राहिलं गं?" मी तिला विचारलं.

"रोजा आहे. शुक्रवार ना, जुम्म्याचा तेवढा ठेवलाय."

"पाणी?"

"पहाटेपासून नाही."

मी भाभींकडे वळले. "हे मशीन अंगातून बारीकसा करंट सोडतं. अंगात पाणी कमी असलं की करंट अडतो आणि चरबी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पहिलं माप सकाळी घेतलं होतं, तेव्हा ही पाणी पिऊन आली होती."

"आकडा आवडला नाही की मशीन खोटं, व्हय?"

"कमी आला असता तरी पुन्हा घेतलं असतं."

"मनासारखा येईपर्यंत मोजत बसणार?"

"एकदाच. उद्या रोजा नाही ना? सकाळी सातला येते. येईल तो आकडा धरायचा."

"आणि जास्तच आला तर?"

इफ्रा माझ्याकडे बघत होती.

"तर जास्त," मी म्हणाले.

"मग भाकरी एकच. तेव्हा मधे पडायचं नाही तुम्ही."

मी मान डोलावली.

शनिवारी सकाळी इफ्राने पाणी पिऊन ठेवलं होतं. तळपाय पुसून ती मशीनवर चढली. आकडे वरखाली झाले, थांबले. भाभींनी मला हाताने बाजूला केलं आणि स्वतः वाकून वाचलं.

३३.१ टक्के. पहिल्या दिवसापेक्षा अर्धा टक्का कमी.