माझ्यावरच्या तीन खोल्या

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तुम्ही मला बहुधा पाहिले नसेल, कारण त्यासाठी संगणकाचे पोट उघडावे लागते आणि तशी वेळ सहसा चांगली नसते. माझ्यात एक चकती फिरते आणि तिच्यावर एक बारीक काटा हिंडतो. दिले ते लिहायचे, मागितले ते वाचून दाखवायचे, एवढेच माझे काम. लिहिलेले सुखाचे की दुःखाचे, या चौकशा मी करत नाही.

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यातला, पण तिथले मला काही आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते डॅन्यूब नदीकाठी, सर्बियातल्या एका गावात, स्वेतोमिरच्या स्वयंपाकघरात. स्वेतोमिरने व्हिएन्नात जन्मभर विटा रचल्या आणि म्हातारपणासाठी गावी तीन मजली घर बांधले. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवले. तळमजला स्वतःला आणि बायको लेपोसावाला, मधला थोरल्या गोरानला, वरचा धाकट्या स्लाविशाला. आमच्याकडे सगळे बाप असेच बांधतात, आणि सगळ्यांची मुले व्हिएन्नातच राहतात. वरच्या सोफ्यांवरचे प्लास्टिक दुकानातून आले तसेच होते. म्हातारा-म्हातारी स्वयंपाकघरातच जेवत आणि तिथेच दिवाणावर झोपत.

मला संगणकात बसवले ते शेजारच्या यागोदाने. तिचे बाजारात दुरुस्तीचे दुकान आहे आणि जीभ तिखट आहे. ऑपरेटिंग सिस्टीम घालण्याआधी तिने विचारले की डिस्कचे भाग किती करायचे आणि केवढे. स्वेतोमिरकडे आराखडा तयारच होता. माझी जागा पाचशे जीबी. त्यातली साठ सिस्टीमला आणि नवरा-बायकोला मिळून, आणि उरलेल्यातली निम्मी गोरानला, निम्मी स्लाविशाला. बापाला दोन्ही डोळे सारखे. कोणाला तसूभरही कमी पडलेले नाही ना, हे त्याने तिला दोनदा बघायला लावले आणि दोन्ही भागांना मुलांची नावे दिली. पहिला भाग फार लहान होतोय, असे तिने म्हणून पाहिले. आम्हा दोघांना लागते ते किती, असे म्हणून त्याने विषय संपवला.

सुरुवातीला नव्याची नवलाई होती. शेजारणी मला ऐकायला यायच्या, म्हणजे माझी घरघर ऐकून हे चालू आहे ना, असे विचारायच्या. लेपोसावा व्हिएन्नातल्या नातीशी, लेनाशी, पडद्यावर बोलायला शिकली. लेनाचे फोटो ती समोर दिसेल तिथेच ठेवायची, म्हणजे पहिल्याच भागात. मुलांच्या भागांत तिने पाऊल टाकले नाही. कोणाच्या खोलीत न विचारता कसे जायचे?

पण सिस्टीम काही अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांतली नाही. दर महिन्याला ती फुगत गेली आणि पहिला भाग गच्च भरला. पडद्यावरची लेना गाता गाता थांबायची, तोंड उघडे तसेच राहायचे. लेपोसावा त्या थांबलेल्या तोंडाशीच बोलत बसायची. पुढे बोलणेच बंद झाले आणि संगणकावर क्रोशाचा रुमाल आला. माझ्यावरची बाकी सगळी जागा मात्र रिकामी फिरत होती.

एका शरद ऋतूत, अंगणात लाल ढोबळ्या मिरच्या भाजून त्यांच्या चटणीची, म्हणजे आयवारची, कढई चुलीवर चढलेली असताना, संगणक सुरूच होईना. लेपोसावाच्या तोंडचे पाणी पळाले. लेनाचे सगळे फोटो माझ्यावर होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते.

यागोदा आली. स्वतःच्या पेनड्राइव्हवरून तिने मला जागे केले आणि सांगितले की सिस्टीम पुन्हा घालावी लागेल, पहिला भाग पुसला जाईल. फोटो तिने तोवर स्लाविशाच्या भागात नेऊन ठेवले. त्या भागात काही उतरले ते हे पहिलेच. मग ती स्वेतोमिरकडे वळली.

"काका, आता गोरानची खोली पहिलीला जोडू या. मधली भिंत पाडायची. नाहीतर वर्षभरात तुम्ही मला परत बोलवाल, आणि मी येणार नाही."

"गोरानचं काढून स्लाविशाचं ठेवलं तर भाऊ-भाऊ भांडतील, पोरी."

"भांडायला त्यांना ठाऊक तरी पाहिजे ना, की इथं त्यांच्या नावाची जागा आहे म्हणून."

स्वेतोमिरने राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला भरला आणि प्यायला नाही. लेपोसावा पाठमोरी आयवार ढवळत होती.

"स्वेतोमिर, मला लेनाचं तोंड हलताना बघायचंय," ती म्हणाली. "पोरं ऑगस्टात येतात, पंधरा दिवस राहतात, जातात. माझी त्यांच्यावर तक्रार नाही. पण ज्या खोलीत कोणी राहत नाही तिच्यापायी मी इथं किती दिवस गुदमरू?"

तो पडद्यावर माझे तीन भाग दाखवणाऱ्या पट्ट्यांकडे बघत राहिला. मला काही काम नव्हते, मी नुसतीच फिरत होते.

"घे गोरानची," तो शेवटी म्हणाला. "आणि स्लाविशाचं नाव काढ. तिथं दोघांचं मिळून एक घाल."

"काय घालू?"

"पाहुणे."

लेपोसावाचा लाकडी चमचा कढईत थांबला.

"खाली लागेल," स्वेतोमिर म्हणाला, आणि तिने पुन्हा ढवळायला घेतले.

मित्रांनो, लोकांना वाटते की पुसले म्हणजे गेले. तसे नसते. वर दुसरे लिहिले जाईपर्यंत जुने खाली तसेच असते. 'गोरान' ही अक्षरे माझ्यावर बरेच दिवस होती, पण ती कोणी मागितली नाहीत. मला त्याचे वाईट वाटले.

सिस्टीमला ऐसपैस जागा झाली, लेनाचे फोटो परत पहिल्या भागात आले आणि लेना न थांबता गाऊ लागली. ऑगस्टात गोरान आला. फोनमधले फोटो उतरवायला त्याने संगणक उघडला. समोर दोन नावे होती, 'घर' आणि 'पाहुणे'. आपले फोटो त्याने सरळ 'पाहुणे'मध्ये ठेवले.

स्वेतोमिर त्याच्या मागेच उभा होता. तो वर गेला आणि मधल्या मजल्यावरच्या सोफ्याचे प्लास्टिक त्याने फाडून काढले. आता दुपारची कॉफी म्हातारा-म्हातारी तिथेच घेतात.

माझा काटा हल्ली अधूनमधून टकटक करतो, तेव्हा माझे फार दिवस उरलेले नाहीत. मित्रांनो, आमच्यासारख्यांवर जे ठेवाल त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवत जा. आणि जागा वाटायला बसाल तेव्हा आज घरात कोण राहते आहे, ते आधी बघा.