संपर्काची वेळ

सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या त्या गल्लीत दारं लावून घेतली तरी हळदीचा वास घरात येतोच, आणि त्याच वासात बसून शिफा आभाळातलं एक यान सांभाळायची. शेजारच्या रंगूबाई म्हणत, "घरबसल्या चांदण्या हाकती पोरगी, पर भात करपला तरी हिला पत्ता न्हाई." यानानं धूमकेतूकडे कधी बघायचं, उन्हाकडे पंख करून बॅटरी कधी भरायची, पृथ्वीशी कधी बोलायचं, हे सारं आता तिनं लिहिलेला प्रोग्रॅमच रोज ठरवी. सकाळी ते वेळापत्रक नजरेखालून घातलं की तिचं काम झालं.

उरलेला दिवस अब्बांचा. हळदीच्या सौद्यात भल्याभल्यांना गप्प करणारे शमशेरभाई अर्धांगाचा झटका आल्यापासून स्वतःच गप्प झाले होते. त्यामुळे एका दुपारी ते अचानक "शिफा, च्या टाक गं," म्हणाले तेव्हा तिला रडूच कोसळलं. पुष्कळ बोलले, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून थांबले. दुसऱ्या दिवशी भलत्याच वेळी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. यानाच्या संपर्काची वेळ नुकतीच सुरू झाली होती, आणि तिच्या पाठीमागे अब्बा बोलू लागले होते.

असलं सांगायचं कुणाला? लोकांनी तिलाच मिरजेच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेलं असतं. संपर्काची वेळ मात्र ती रोज थोडी वाढवत गेली. लोभच तो, त्याला कसला तळ! अब्बा आता दिवे लागेपर्यंत बोलत, हसत, तिला नावानं हाक मारत. आणि त्यांचे हात गार पडत चालले.

मग तिच्या वरिष्ठांचा, जयराजांचा, फोन आला. "शिफा, बॅटरी पार उतरलीय. संपर्क तोड आणि यान उन्हाला लाव. मी सांगेपर्यंत बोलणं बंद. नाहीतर हातचं जाईल ते."

तिनं अब्बांचे हात चोळून पाहिले. गरम होईनात. शेवटी डोळे पुसत तिनं हुकूम पाठवला. तो यानापर्यंत पोहोचायला थोडा अवधी होता, आणि आता माघारी बोलावता येत नव्हता.

"अब्बा," त्यांच्या गुडघ्याला बिलगून बसत तिनं विचारलं, "मी दिसते ना तुम्हाला?"

शमशेरभाई, फार लांबून बघावं तसे, खिडकीबाहेरच्या आभाळात कितीतरी वेळ शोधत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"दिसलीस, दिसलीस," ते म्हणाले. "लय बारकी हायस गं."