उजव्या हाताचं माप

"हात सैल सोड, अपेक्षा. अशी आखडतं कायले?" म्हणत मंदाबाईंनी तिचा उजवा पंजा मुठीत दाबला आणि हिरवी बांगडी अलगद मनगटावर उतरवली. साधा ओरखडासुद्धा नाही.

घट्टातलं घट्ट माप हाताला न दुखवता चढवावं ते मंदाबाई कासारणीनंच, असं आर्वीतल्या बायका म्हणत; आणि मंदाबाईंना त्याची मिजासही होती. सत्त्याण्णवची संक्रांत. अपेक्षा ही बियाण्याच्या दुकानवाल्या प्रफुलची बायको. मांडीवर तान्ही आचल. डाव्या हाताला लग्नातलंच माप बसलं, उजव्याला मात्र त्याहून लहान. खरं तर उजवा हात नेहमी थोराड असतो. पण अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा खाली बसला होता, तिथे खळगा पडला होता. मंदाबाईंच्या बोटांना तो लागला. तरी त्या बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "पाहा वं, लोण्यासारखा हात करून टाकला म्या पोरीचा!"

"मावशी, करंगळीले मुंग्या येऊन राह्यल्या. आचलच्या झबल्याची बटनं लागत नाईत मले. दवाखान्यात दाखवू का?"

"बाळंतीण हाय तू. तुह्या अंगातली ताकद लेकरू पेऊन राह्यलं. डिंकाचे लाडू खा. दवाखाना कायले?"

सगळ्या हसल्या. अपेक्षाही हसली. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या सणाला माप आणखी उतरलं, मंदाबाईंची वाहवा आणखी चढली.

पुढे काही वर्षांनी दिराच्या लग्नासाठी ती बांगड्या भरायला आली, तेव्हा उजव्या कोपराशी टाक्यांचा लांब व्रण होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं.

"हे काय झालं व पोरी?"

"लहानपणी बैलबंडीवरून पडलती मी, कोपर वाकडं बसलं. थ्या हाडावर नस घासत गेली म्हणे इतके वर्षं." भाजीचा भाव सांगावा तशी ती सांगत होती. "नस निस्ता हुकूम देत नाई, मावशी. थे मांसाले सारखी सांगत राह्यते म्हणे, मी हाये, तू बी राह्य. थे सांगनं थांबलं की मांसातच दुसरे निरोप सुरू होते. बारीक बारीक रसायनं. हे मोड, थे काढ. मांस सोताच सोताले मोडून खाते. आपरेशन झालं, नस मोकळी झाली. पन आता तिचं आयकाले मांसच उरलं नाई. आचलची वेनी तेवढी घालता येत नाई मले. सासूबाई घालतात."

मंदाबाई मापं शोधत राहिल्या. मापं तर समोरच होती.

"डॉक्टर लय चिडले. म्हणे, वेळेवर आली असती तं हात वाचला असता. पयले कोणाले दाखवलं होतं? म्या म्हटलं, कोणालेच नाई."

"मले दाखवलतं तू."

"तुम्ही का डॉक्टर हा?" अपेक्षा मोकळेपणी हसली. "भरा लवकर, घरी पाहुणे वाट पाहून राह्यले."

मंदाबाईंना वाटलं, हिनं दोन शिव्या द्याव्यात, भर बाजारात द्याव्यात. त्यांनी बांगड्या भरल्या. दाबावं लागलंच नाही.

भरून झाल्यावर रीतीप्रमाणे अपेक्षा कासारणीच्या पाया पडायला वाकली. ती वळलेली दोन बोटं पुढे आली, तशी मंदाबाईंनी आपली पावलं साडीखाली ओढून घेतली.