साठ लिटर पाणी आणि एक सल्ला

राजूरला अंगदच्या कृषी सेवा केंद्रात औषध नंतर मिळायचं, सल्ला आधी. कुणी पिशवीत रोगट पान घेऊन यायचं, कुणी काडेपेटीत अळी. अंगद ते काउंटरवर ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निदान सांगून मोकळा व्हायचा. आजूबाजूच्या वीस गावांत त्याचा शब्द चालायचा. घरातही तो चालतो, अशी त्याची पक्की समजूत होती.

चालत होताच, कारण त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाचं काही चालायचं नाही. त्याच्या बायकोनं, तृप्तीनं, गच्चीवर गुलाब लावले तर यानं त्यांच्यावर इतकी औषधं मारली की फुलाचा वास घ्यायची सोय राहिली नाही. तिनं मिरच्या लावल्या तर खत याचं. लोणच्यात मीठ किती घालायचं तेही हाच सांगणार, आणि लोणच्याला बुरशी आली की ते लोणचं तेवढं तृप्तीचं. अठरा वर्षं हे सोसून तिच्या डोक्यात एकच हट्ट घर करून बसला होता. या घरात एक तरी गोष्ट अशी असावी, जिला या माणसाचा हात लागणार नाही.

म्हणून तिनं पाण्यातली झाडं निवडली. जमिनीतलं सगळं आपल्यालाच कळतं असं म्हणणारा माणूस पाण्यापासून तरी लांब राहील, असं त्या भोळीला वाटलं.

जालन्याहून तिनं दोन फुटी काचेची टाकी आणली. तळाला माती, तिच्यावर बारीक खडीचा थर, मागच्या बाजूला लांब पात्यांची वॅलिसनेरिया, पुढे दगडाला दोऱ्यानं बांधलेली अनुबियास. वर दिवा, कोपऱ्यात फिल्टर, आणि साठ लिटर पाणी. मासे मात्र आणले नाहीत. दोन महिने मोबाईलवर बघून बघून तिला एवढं कळलं होतं की माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया सुटतो, तो माशांनाच विषासारखा असतो, आणि ते विष खाणारे जंतू आधी फिल्टरमध्ये वाढावे लागतात. त्याला महिना लागतो. ती रोज सकाळी एका नळीत टाकीतलं पाणी घ्यायची आणि त्यात तपासणीचे थेंब टाकायची. पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर धोका.

अंगदला हा महिना म्हणजे मेजवानीच होती. गिऱ्हाइकाला मुद्दाम चहाला घरी आणायचं, टाकीसमोर उभं करायचं आणि ‘आमच्याकडं बिनमाशाचे मासे पाळलेत’ म्हणून हसायचं. गिऱ्हाईक उधारीवरचं असलं की तेही जरा जास्तच हसायचं. तृप्ती चहाचा कप असा आदळायची की बशीत अर्धा सांडायचा. तिला त्या हसण्याची चीड होती, आणि ती चीड लपवायचीही तिला इच्छा नव्हती.

महिना सरला. नळीतलं पाणी सलग आठ दिवस पिवळं राहिलं, तेव्हा ती जाऊन सहा नियॉन घेऊन आली. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी रेघ, खाली लाल. पाण्यात सोडल्यावर ते झाडांत असे शिरले, जणू तिथंच वाढले होते. त्या दिवशी तृप्ती भाजी करपेपर्यंत टाकीसमोर बसून होती आणि तिला कशाचंच वाईट वाटलं नाही.

मग वॅलिसनेरियाची जुनी पाती पिवळी पडायला लागली. नवीन पाण्यात ती पडतातच, मुळाशी नवे फुटवे येतात, हे तिनं वाचलं होतं. पण पिवळं पान आणि अंगद गप्प, असं कसं होईल? जेवताना त्यानं घासासकट निदान सांगितलं, की नत्र कमी पडलं आहे. तृप्तीनं ताट बाजूला सारलं.

“तुमचं दुकान दुकानात ठेवा. त्या पाण्याला हात लावायचा न्हाई. सांगून ठेवते.”

त्यावर तो काही बोलला नाही. अंगद गप्प बसला की समजायचं, त्यानं मनात ठरवून टाकलंय. हे तृप्तीला ठाऊक होतं, तरी ती त्या रात्री गाफील राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाही मासे मेले होते. दोन फिल्टरला चिकटलेले, बाकीचे खडीवर. झाडं मात्र जागच्या जागी उभी होती. तिनं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, आणि पाणी गर्द हिरवं झालं. महिनाभरात तिनं असा रंग कधी बघितला नव्हता. सहा चिमुकल्या माशांनी एवढं विष होत नाही. ते बाहेरून आलं होतं, आणि कुठून आलं असणार हे तिला बघायला जावं लागलं नाही. ती रडली नाही. तिला राग इतका आला होता की रडू मागे राहिलं. पण तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं. घरात तो कबूल करणारा नव्हता. त्यानं कबूल केलंच तर गिऱ्हाइकांसमोरच करेल, कारण तिथंच तो सर्वांत जास्त बोलायचा.

त्या दिवशी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीचं दर्शन उरकून माणसं दुकानात दाटली होती. तृप्ती मासे प्लास्टिकच्या पिशवीत आणि हिरवी नळी हातात घेऊन सरळ गर्दीत शिरली. काउंटरपाशी धावड्याचे पुंजाराम होते. सत्तरीचे, सरळ मनाचे गृहस्थ. त्यांच्या हातात कपाशीवरच्या औषधाची बाटली होती, आणि फवारणीच्या पंपाला दोन टोपणं टाका, असं अंगद त्यांना सांगत होता. बायकोला बघून तो थबकला. घरी बोलू, असं हळूच म्हणाला.

“लोकं पान आनतात, तुमी सांगता. मी मासे आनलेत. सांगा कशानं मेले.”

पंधरा माणसं बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. अंगदनं चष्मा कपाळावर चढवला, पिशवी उजेडात धरली आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, की खायला जास्त घातलं, बायांना हात आवरत नाही. माणसं हसली. तृप्तीचे कान तापले. बोटाच्या टोकावर मावेल एवढंच खाणं ती दिवसातून एकदा घालायची.

एक पुंजाराम तेवढे हसले नाहीत. ते खरोखरच कोड्यात पडले होते.

“पर भाऊ, परवा तुमीच म्हनले व्हते ना मला, नत्र कमी पडलं म्हून वैनीच्या काचंत मूठभर युरिया टाकला म्हून?”

हसणं थांबलं. तृप्ती नवऱ्याकडे बघत राहिली. युरियाचा पाण्यात अमोनियाच होतो, म्हणून संशय होताच, पण ‘मूठभर’ तिच्याही अंदाजात नव्हतं.

“साठ लिटरला मूठभर,” ती म्हणाली. “मोजून टाकला का?”

“झाडासाठी टाकला. झाडं मेली का? न्हाई ना? आन मला मोजावं लागत न्हाई. अठरा वर्षं धंदा करून राह्यलो, माझा अंदाज बराबर असतो.”

हे वाक्य त्यानं घरात म्हटलं असतं तर खपलं असतं. इथं प्रत्येकाच्या पिशवीत त्याच्या अंदाजानं दिलेलं काही ना काही होतं. पुंजारामांनी हातातल्या बाटलीकडे बघितलं. बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी बाटली तृप्तीपुढे केली आणि म्हणाले, “पंपाला किती लिव्हलंय, तेवढं वाचा बरं वैनी.”

अंगद म्हणाला, मी सांगितलंय की. पुंजारामांचा हात पुढेच राहिला.

तृप्तीनं मासे काउंटरवर ठेवले आणि बाटली घेतली. लिटरला अर्धा मिली, असं छापलं होतं. पंप पंधरा लिटरचा, टोपण पंधरा मिलीचं. तिनं मनात हिशेब केला, मग पुन्हा एकदा केला, कारण चुकायची ही जागा नव्हती.

“अर्धं टोपन,” ती म्हणाली. “दोन न्हाई. अर्धं.”

मागच्या एकानं पिशवीतून पुडी काढून दाराशी उजेडात धरली. दुसऱ्यानं आपली बाटली तृप्तीच्या हाताशी आणून ठेवली, त्या बाटलीमागून आणखी एक आली. अंगदसमोर आता कुणीच उभं नव्हतं. तो काउंटरवरून वाकून दात आवळून म्हणाला, “तू घरी जा. जल्दी.”

“जाते,” तृप्ती म्हणाली आणि दुसरी बाटली हातात घेतली. “ह्या सगळ्यांचं वाचून झालं की.”