मालनचा नंबर राहिला

मित्रांनो, घाटकोपरच्या टेकडीवर वस्तीतल्या लोकांनी मिळून सातवीपर्यंतची शाळा काढली, तिथला मी जुना सूक्ष्मदर्शक. जुना म्हणजे वापरून झिजलो, असं समजू नका. नुसता ठेवून ठेवून जुना झालो! पार्ल्याच्या एका कॉलेजात नुसता पडून होतो, तिथून मी इथं आलो तेव्हा वस्तीत पेढे वाटले, मला हार घातला, आणि हेडमास्तर शिवदास सरांनी काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तपासणीला साहेब यायचे तेव्हा तेवढं फडकं फिरायचं. बाकी वर्षभर मी आणि झुरळं. जीव घुसमटायचा हो.

त्र्याऐंशी साली क्षमाबाई आल्या. उत्तर आपण सांगायचं नाही, मुलांनीच शोधायचं, हा त्यांचा हट्ट. सरांच्या मागे लागून त्यांनी एका तासापुरती किल्ली मिळवली आणि मला खिडकीपाशी मांडलं. सातवीतली मालन शाईच्या बाटलीत डबक्यातलं पाणी घेऊन आली. माझ्या खालचा आरसा किती कलता केला म्हणजे उजेड वर चढतो, ते तिनं स्वतःच खटपट करून शोधलं. दुसऱ्या कुणाला जमेना. मग काय, आरशापाशी तीच अडकली. एकेक जण डोळा लावी, काहीतरी पळतंय म्हणून ओरडे, आणि ही बिचारी शेवटच्या नंबरावर थांबली. पहिल्यांदाच मी कुणाच्या कामाला आलो होतो. इतका आनंद मला त्या हारानंही झाला नव्हता.

मालन डोळा लावणार, तोच गलका ऐकून सर आले.

"फुटलं तर तपासणीला काय दाखवू, बाई?" एवढंच म्हणाले, नि मला उचलून पुन्हा कोंडलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. क्षमाबाईंनी कितीदा किल्ली मागितली. तपासणी होऊ द्या, मग परीक्षा होऊ द्या, असं करत वर्ष सरलं.

शेवटच्या दिवशी मालन काचेला नाक लावून उभी राहिली. पुढं तिची शाळा बंद होणार होती, घरी धाकट्या भावंडांना सांभाळायचं ठरलं होतं.

"बाई, काय दिसतं हो त्यात?"

मी आत नुसता तडफडलो. कधीच उत्तर न सांगणाऱ्या क्षमाबाईंनी त्या दिवशी सगळं सांगितलं, आणि मालननं ते वहीत लिहून घेतलं.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर हाताळा. तुमच्या हातून फुटलो तरी चालेल रे, पण कपाटात नका ठेवू.