पोताऱ्याखालचं औषध

माणूस चंद्रावर उतरला, त्या आठवड्यात धामणगाव बढ्यात भगवानरावांच्या ओसरीवर बसायला जागा नव्हती. रेडिओ त्यांचा, म्हणून विज्ञानही जणू त्यांचंच! "सायन्सपुढं काई अशक्य नाही," असं ते मांडीवर थाप मारून सांगत.

त्याच आठवड्यात हिवतापाची फवारणी आली. पंप बौद्धवस्तीतल्या इंद्रभानच्या खांद्यावर होता. हिवताप खात्याचे साहेब सोबत असल्यानं भगवानरावांना त्याला थेट माजघरात जाऊ द्यावं लागलं.

"डास भिंतीवर बसला का मरते. दोन-तीन महिने पोतारा करू नका," इंद्रभान बजावून गेला.

त्याची पाठ वळताच भगवानराव कडाडले, "घर बाटलं! आताच्या आता समदं पोतारून काढा!" आणि त्यांची पाच महिन्यांची गर्भार सून कोकिळा शेणामातीची बादली घेऊन भिंती सारवू लागली. काय म्हणावं या शहाणपणाला!

पोळ्याच्या सुमारास कोकिळेला हुडहुडी भरून ताप आला. तो उतरे, पुन्हा चढे. सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली. मूल रडलंच नाही.

"औषधच बोगस होतं! मी वर तक्रार करतो!" भगवानराव अंगणात ओरडू लागले.

त्यांची म्हातारी आई झुंबरबाई नातसुनेच्या उशापासून उठून बाहेर आली.

"कोनाची तक्रार करतं रे? औषध भिंतीवर होतं. तूच त्याच्यावर शेन लिपाले लावलं, तेही या पोरीच्याच हातानं! काऊन? त इंद्रभाननं फवारलं म्हनून! त्याइच्या वस्तीत कोनी पोतारा केला नाही, तिथं कोनाले ताप नाही. मानूस चंद्रावर गेला म्हनून नाचतं, अन् मानूस तुह्या घरात आला त घर बाटते! अन् मी मेलीबी तवा गप्प बसली."

आतून कोकिळेचा हुंदका ऐकू आला. भगवानराव तक्रार द्यायला गेलेच नाहीत.

पुढच्या फवारणीला इंद्रभान दाराशीच थांबला. त्यानं सरळ विचारलं, "मालक, पोतारा कवा करनार?"

भगवानरावांची मान खाली गेली. "नाही करनार. ये, आत ये," म्हणत माजघरातली भांडी ते स्वतः बाहेर काढू लागले. कोकिळा मात्र सासऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं का बोलावं?

बंधूंनो, भगिनींनो, नवं विज्ञान आपल्याला हवं असतं, पण ते घेऊन येणारा माणूस चालत नाही. हा विटाळ आधी मनातून काढा. नाहीतर औषध दारात येईल आणि आपली लेकरं घरात मरतील!